शाई न धरणारी जागा

१

ब्रोकारच्या शिळाछाप कारखान्यात शिळेवर तोंड नेऊन बोलायचं नाही, असा दंडक होता. थुंकीचा बारीकसा थेंब जरी कोऱ्या शिळेवर पडला, तरी पुढं तेवढी जागा शाई धरत नाही आणि कागदावर पांढरा डाग राहतो. म्हणून शिळेपाशी जाताना हात पुसायचे आणि तोंड मिटायचं. हा दंडक मालकानं घातलेला नव्हता. नार्सिस वोद्रँनं घातला होता, आणि जो मोडेल त्याला तो ओला स्पंज फेकून मारायचा. एकदा मालकाच्या मेव्हण्याला मारला होता. मेव्हणा परत फिरकला नाही, याचं नार्सिसला आजही समाधान होतं.

म्हातारा हाताचा पक्का आणि तोंडाचा घाण. उभ्या पॅरिसात रंगावर रंग बिनचूक बसवणारे थोडेच, त्यात तो एक, म्हणून त्याला सगळे सोसत. एका चित्राला चार रंग असतील तर शिळाही चार. पहिल्या शिळेवरून कागदावर पिवळा उठवायचा, तो वाळला की त्याच कागदावर दुसऱ्या शिळेवरून लाल, मग हिरवा, शेवटी काळपट तपकिरी. कागद केसभर जरी सरकला तरी बाईचं नाक गालावर जातं.

पण हल्लीच्या चित्रकारांच्या बायांना नाकंच नसायची. नार्सिसचा खरा राग तो होता. पूर्वी लोक घोडे छापायचे, लढाया छापायचे, निदान साबणाची जाहिरात तरी. आता ही पोरं येतात आणि स्वतःच्या आईचं जेवणघर काढतात. दिवा, टेबल, शिवत बसलेली बाई, मागं भिंतीचा फुलाफुलांचा कागद. बाई कुठं संपली आणि भिंत कुठं सुरू झाली, कळायची सोय नाही. आणि श्रीमंत लोक हे विकत घेऊन पुन्हा भिंतीवरच लावतात.

त्या हिवाळ्यात देलॉर्ज नावाचा एक चित्रकार असल्याच घरगुती चित्रांचं काम घेऊन आला. माणूस सडपातळ, दाढी कोवळी, बोलणं हळू. त्यानं चार शिळांवर आपल्या हातानं तेलकट खडूनं चित्र काढलं. नार्सिसनं त्यावर डिंक आणि तेजाब फिरवलं, शिळा ओली केली, रूळ फिरवला आणि पिवळ्याचा पहिला नमुना उठवला.

पिवळ्यात काय दिसणार? दिव्याचा उजेड, भिंत, टेबलापाशी दोन-तीन खुर्च्या. पण एका खुर्चीवर शाईच धरली नव्हती. ठिपकाबिपका नाही, चांगली वीतभर उंचीची कोरी जागा.

नार्सिसनं गास्पारला हाक मारली. गास्पारचं काम वाळू टाकून जुन्या शिळा घासायचं. एका डोळ्यानं आंधळा, आणि भांडणात नार्सिसच्या तोडीस तोड.

"शिळा घासलीस का नुसती कुरवाळलीस?" नार्सिस म्हणाला.

"तुझ्या टकलाइतकी गुळगुळीत करून दिली होती," गास्पार म्हणाला. "त्यावर कोण थुंकलं ते तुझं तू बघ. इथं सगळ्यात जास्त थुंकी तुझीच उडते."

नार्सिसनं स्पंज फेकला. तो चुकला.

२

नार्सिस तिसऱ्या मजल्यावर राहायचा. बायको कधीच गेली होती. घरात तो आणि त्याची मुलगी एरमाँस. ती घरी बसून हातमोजे शिवायची. दुकानदाराकडून कापलेलं कातडं यायचं, त्याला ती बोटं शिवायची. दिवसभर टेबलापाशी, खिडकीकडं तोंड करून. टेबलावर मेणकापड, त्याला इस्त्रीनं जळालेला एक तपकिरी चट्टा. वर दिवा, त्याच्या तडकलेल्या काचेला कागदाची पट्टी. भिंतीला पानापानांचा कागद. खुर्च्या तीन, तिसरीवर शिवलेल्या मोज्यांची गठुडी.

बापलेकीत त्या हिवाळ्यात एकच विषय होता. फिर्मँ नावाच्या रेल्वेतल्या कारकुनानं तिला मागणी घातली होती. ईस्टर झालं की लग्न, आणि मग रूआँला बिऱ्हाड. एरमाँस तिशीला टेकली होती. पुन्हा कोणी विचारील याचा भरवसा नव्हता. नार्सिसनं फिर्मँच्या मिशा, त्याचं गाव, त्याची बढती, त्याची आई, एकेक करून सगळं सोलून काढलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि सुई चालवायची. ती रडली असती तर नार्सिसला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी कोबीचं सूप पुढं ठेवून ती बसली, तसं त्यानं पुन्हा काढलं. म्हणाला, तू गेलीस की मी इथं मरून पडेन आणि खालच्या पुलार बाईला वास येईपर्यंत कळणार नाही. ती म्हणाली, तुम्हीही चला रूआँला. तो म्हणाला, त्या मिशाळाच्या हातची भाकरी खायला?

त्यानं चमचा खाली ठेवला.

"एकदा नुसतं म्हण," तो म्हणाला. "मी कुठं जाणार नाही, बाबा. एवढंच. नाही पाळलंस तरी चालेल."

"खोटं कशाला म्हणू?" एरमाँस म्हणाली. तिनं त्याच्या ताटलीत आपल्या वाटचा मांसाचा तुकडा टाकला. "खा. निवेल."

त्यानं खाल्ला. खाताखाता त्याला दिसलं की तिसरी खुर्ची रिकामी आहे. मोज्यांची गठुडी खाली फरशीवर. त्यानं विचारलं तर ती म्हणाली, सारखी घसरून पडतायत, शेवटी राहू दिली तिथंच.

३

लाल रंगाच्या शिळेचंही तेच झालं. नार्सिसनं ती शिळा स्वतः धुतली होती, वर फडकं बांधून ठेवली होती, तिच्या आसपास कोणाला फिरकू दिलं नव्हतं. तरी पिवळ्यावर लाल चढला तेव्हा खुर्चीवरची कोरी जागा जशीच्या तशी. उलट कडा आता जास्त रेखीव. खाली रुंद, वर निमुळती, त्यावर एक गोळा.

पण त्या दिवशी त्याचं लक्ष दुसरीकडं गेलं. शिळेवर चित्र नेहमी उलटं काढतात, डावं उजवीकडं, म्हणून इतके दिवस त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. कागदावर ते सुलट उठलं, लालनं मेणकापड भरून आलं, आणि मेणकापडावर त्याला एक जळका चट्टा दिसला. दिव्याच्या काचेला पट्टी लावलेली. खिडकीकडं तोंड करून शिवत बसलेली बाई, डोकं डावीकडं किंचित कललेलं. एरमाँसचं तसंच कलतं. लहानपणी कानात पू झाला होता, तेव्हापासून.

म्हणजे हा देलॉर्ज घरी येऊन गेला. आपण इथं रूळ फिरवत असतो तेव्हा. नार्सिसच्या डोक्यात एवढंच आलं, आणि खरं तर ते त्याला बरंच वाटलं. भांडायला माणूस सापडला की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

देलॉर्ज आला तसा नार्सिसनं त्याला शिळांच्या मांडणीशी गाठला आणि विचारलं, माझ्या घरी कधी आला होतात? देलॉर्जला आधी कळलंच नाही. मग तो हसला. म्हणाला, हे माझ्या आईचं घर, बातिन्योलला. असलं मेणकापड पॅरिसातल्या निम्म्या घरांत आहे, आणि जिथं इस्त्री आहे तिथं चट्टा आहे. या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. भिंतीचा कागद तर दुकानात गुंडाळ्यांनी मिळतो.

"आणि हे कोरं काय सोडलंय?" नार्सिसनं खुर्चीवर बोट ठेवलं.

देलॉर्जचं हसू गेलं. त्यानं कागद खिडकीपाशी नेला. मग शिळेपाशी येऊन वाकून पाहिलं.

"मी कोरं सोडलेलं नाही," तो म्हणाला. "तिथं कपड्यांचं गठुडं काढलंय. हे बघा, शिळेवर आहे."

खरंच होतं. शिळेवर खडूच्या रेघा दिसत होत्या. शाई तेवढी धरत नव्हती.

देलॉर्जनं मालकाला बोलावलं आणि त्याच्यासमोर, अगदी हळू आवाजात, म्हणाला की म्हातारा माझ्या चित्रावर थुंकतो, हे त्याच्या तोंडावरून कळतं. मालकानं नार्सिसला एवढंच सांगितलं: शेवटच्या रंगापर्यंत ही जागा भरली नाही, तर पुढचं काम दुसऱ्याला देईन.

कोपऱ्यात गास्पारची वाळू थांबली होती. नार्सिसला त्याचाच जास्त राग आला.

४

हिवाळ्यात शिळा बर्फासारख्या गार असतात. सकाळी हात लावला की हाडापर्यंत झिणझिण्या येतात. हिरव्या रंगाची शिळा ओली करताना नार्सिसचा तळवा त्या कोऱ्या जागेवर टेकला आणि त्यानं तो पटकन उचलला.

ती जागा कोमट होती.

त्यानं पुन्हा हात ठेवला. आजूबाजूला गार, तिथं कोमट. भाजावं तशी नाही. आत्ता आत्ता कोणी उठून गेलेल्या खुर्चीची बैठक लागते, तशी. स्वतःच्याच डोक्याला त्यानं शिव्या घातल्या. शेगडी जवळ आहे, एका बाजूनं ऊब लागत असेल. शेगडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. असेल, नळी जवळून जाते. नळी वरून जात होती.

हिरवा छापून झाला. भिंतीवर पानं आली आणि पानांच्या मधोमध, खुर्चीवर, ते पांढरं आता सरळ सरळ माणूस दिसत होतं. बसलेलं. दोन खांदे, मान, डोकं. बाकी खोलीभर रंगांची गर्दी आणि तिथं नुसता कागद. ते टेबलाकडं वळून बसलं होतं आणि शिवणाऱ्या बाईला बघत होतं असं म्हणावं, तर त्याला डोळे कुठं होते.

गास्पार मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं एका डोळ्यानं बराच वेळ पाहिलं.

"ही शिळा मला दे," तो म्हणाला. "घासून टाकतो. चारही देतोस तर चारही. मालकाला मी सांगतो की माझ्या हातून पडल्या."

नार्सिसला वाटलं, हा मला कामावरून घालवायला टपलाय. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. वर त्याच्या आंधळ्या डोळ्यावरून काहीतरी घाण बोलला. गास्पार खांदे उडवून वाळूकडं गेला.

रविवारी दुपारी एरमाँस फिर्मँबरोबर फिरायला गेली होती. घरात नार्सिस एकटा. बर्फ पडून गेल्यावरचा तो मेलेला उजेड खिडकीतून येत होता. टेबलाशी बसून तो तिच्या येण्याची वाट बघत होता आणि आल्यावर काय टाकून बोलायचं याची जुळवाजुळव करत होता. तिसरी खुर्ची टेबलापासून थोडी मागं सरकलेली होती, कोणी बसायला ओढतं तेवढी. गठुडी फरशीवर.

त्यानं हात लांब करून बैठकीवर ठेवला.

मग तो उठला, कोट चढवला आणि ती येईपर्यंत खाली पुलार बाईच्या दारात उभा राहिला. पुलार बाई दाराजवळच्या खोलीत राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला नजरेखालून घालायची. तिनं विचारलं, वर थंडी वाजते का? तो म्हणाला, तुमच्या कामाशी काम ठेवा.

एरमाँस आली. गाल लाल झालेले, हातात फिर्मँनं दिलेले भाजलेले चेस्टनट, कागदाच्या पुडीत. तो काहीच टाकून बोलला नाही. जिन्यात फक्त विचारलं, की तिसऱ्या खुर्चीवर तू बसतेस का? ती म्हणाली, मी कशाला बसू, माझी वेगळी आहे ना. मग म्हणाली की हल्ली तिला कातरी सापडत नाही. इकडं ठेवते, आणि त्या खुर्चीसमोर असते.

तो म्हणाला, लग्नाच्या नादात डोकं ठिकाणावर नाही तुझं.

५

शेवटची शिळा काळपट तपकिरी. चित्राला हाडं तीच देते. कडा, केस, घड्या सगळं तिच्यावर. ती कोरी राहिली की संपलं. नार्सिसला दुसरीकडं कोण ठेवणार होतं? एरमाँस जाणार, कामही जाणार, मग ती खोली आणि तो. त्या खोलीत एकट्यानं बसणं आता त्याच्याच्यानं होणार नव्हतं, हे त्याला त्या रविवारी कळलं होतं.

चित्रकाराच्या शिळेवर छापणाऱ्यानं कधी रेघ ओढायची नाही. हा दंडक नार्सिसनं घातलेला नव्हता, त्याच्या आधीपासूनचा होता, आणि तो त्यानं जन्मात मोडला नव्हता. दुपारी सगळे खानावळीत गेले. त्यानं दार ओढून घेतलं, देलॉर्जच्या डबीतला तेलकट खडू घेतला आणि शिळेवर वाकला.

आधी देलॉर्जचं गठुडंच पुन्हा गडद काढणार होता. पण माणसाच्या आकारात गठुडं कसं बसवणार? दोन रेघा ओढल्या न ओढल्या तोच खांदे झाले. मग त्यानं ठरवलं, बाईच काढू. शिवत बसलेली आणखी एक बाई. कोणाला कळणार, यांच्या चित्रांत बायाच असतात. मानेवर अंबाडा काढला. पाठ काढली. खडू धरायची सवय नव्हती, त्यामुळं डावा खांदा उजव्यापेक्षा बराच वर गेला. चेहरा त्याला काढता येत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे छापले, स्वतः एक नाक काढलं नव्हतं. म्हणून त्यानं तिला पाठमोरी केली.

काढताना त्याच्या डोक्यात सारखं तेच घोळत होतं. तू गेलीस तर हिला बसवीन. ही तरी कुठं जाणार नाही.

डिंक, तेजाब, पाणी, रूळ. या वेळी शाई धरली. भरभरून धरली. आधीचे तीन रंग छापलेला कागद त्यानं खुणांवर नीट बसवला, दाबयंत्राचा दांडा ओढला आणि कागद सोलून काढला.

खुर्चीवर बाई होती. पाठमोरी, अंबाडा, डावा खांदा वर. तिच्या पोलक्यावर हिरव्यात लाल चौकडा होता.

नार्सिस बघत राहिला. त्यानं फक्त काळ्याच्या शिळेवर काढलं होतं. लाल नाही, हिरवा नाही.

आणि खिडकीपाशी, जिथं एरमाँससारखी ती बाई डोकं कलवून शिवत बसलेली असायची, तिथं पांढरं होतं. कोरा कागद. आजच सकाळी त्यानं याच कागदावर तिची लाल शाल पाहिली होती. एकदा कागदात मुरलेली शाई निघत नाही. खरवडली तर कागद फाटतो. त्यानं अंगठ्यानं घासून पाहिलं. कागद गुळगुळीत होता, कधी शाई लागलीच नसावी असा.

६

पुलार बाई जिना झाडत होती. त्यानं विचारलं, एरमाँस खाली गेली का? ती म्हणाली, नाही, आणि वरही कोणी गेलेलं नाही, आणि बर्फाचे बूट पुसा. तो बूट न पुसता चढला.

दार लोटलेलंच होतं. आत दिवा लागलेला होता. भर दुपारी. एरमाँस तेलाचा थेंब वाया घालवणारी नव्हती. भिंतीवरची पानं त्या उजेडात पिवळी दिसत होती. सुईचा आवाज येत होता, कातड्यातून दोरा ओढला जातो तो.

तिसऱ्या खुर्चीवर पोलक्याचा चौकडा होता.

"एरमाँस?" तो म्हणाला.

सुई चालूच. तो टेबलाच्या डाव्या अंगानं पुढं गेला. अंबाडा, पाठ, वर गेलेला खांदा. शेगडीच्या बाजूनं वळसा घातला, टेबलाच्या पलीकडं आला, जिथून माणसाचं तोंड दिसायला हवं. अंबाडा, पाठ, वर गेलेला खांदा. तो परत फिरला, उलट्या अंगानं आला. टेबलाची कड त्याच्या मांडीला घासली. पाठ.

खिडकीकडच्या खुर्चीकडं त्याला बघायचं नव्हतं. तरी डोळा गेला. भिंतीची पानं तिथपर्यंत येत होती आणि थांबत होती. मेणकापड तिथपर्यंत येत होतं आणि थांबत होतं. मधे एक आकार होता, डोकं डावीकडं कललेला, आणि त्यात काहीच नव्हतं, दिव्याचा उजेडसुद्धा. टेबलाच्या त्या कडेला चेस्टनटची पुडी उघडी होती. एक अर्धा सोललेला.

नार्सिसनं हात पुढं केला आणि मागं घेतला. बोटं काळी होती. तेलकट.

मग जिन्यात, रस्त्यात, हिवाळाभर जे बोलायला तो तयार नव्हता ते तो बोलला. कोणाकडं बघून बोलायचं ते कळेना, म्हणून दिव्याकडं बघून बोलला.

"जा पोरी," तो म्हणाला. "रूआँला जा. मी काही म्हणणार नाही. आत्ता जा."

सुई थांबली. तिसरी खुर्ची थोडी करकरली, जशी बसल्या जागी कोणी सावरून बसतं तशी. उत्तर आलं ते पाठीच्या पलीकडून, जिथं तोंड असायला हवं आणि त्यानं काढलं नव्हतं तिथून. आवाज एरमाँसचाच होता.

"मी कुठं जाणार नाही, बाबा."

मग पुन्हा दोरा ओढल्याचा आवाज.

"बसा. निवेल."